बफेलोची अग्निशमन बोट आणि तिचे वाफेवरचे अर्धशतक

पूर्वरंग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी बफेलो हे शहर आहे. नायगारा धबधबा पाहायला गेलेल्या अनेकांनी ते निदान वाटेत तरी पाहिले असेल. या शहराच्या अग्निशमन दलाकडे 'एडवर्ड एम. कॉटर' नावाची लाल-पांढरी बोट आहे. ती १९०० साली बांधली गेली, तेव्हा तिचे नाव 'विल्यम एस. ग्रॅटन' असे होते, आणि आजही ती सेवेत आहे. जगातील सर्वांत जुनी कार्यरत अग्निशमन बोट म्हणून तिचा उल्लेख होतो. आज तिच्यात डिझेल इंजिने आहेत, परंतु आयुष्याची पहिली पन्नासहून अधिक वर्षे तिने वाफेवर काढली, आणि माझे कुतूहल त्याच काळाविषयी आहे.

आगीची वर्दी आली की अग्निशामक गाडी मिनिटभरात बाहेर पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बॉयलरचे तसे नसते. पाणी तापायचे, वाफ धरायची, तिचा दाब चढायचा, आणि मग कुठे इंजिन फिरू लागायचे. मग जिचे सगळे बळच वाफेत आहे अशी बोट आगीला वेळेवर पोहोचत कशी असे? आग काही रोज लागत नाही. मग उरलेल्या दिवसांत बोटीवरची माणसे नेमके काय करत असत? आणि समुद्रापासून इतक्या आत असलेल्या शहराला अशा बोटीची एवढी गरज का भासावी की तिने एक शतक ओलांडूनही ती मोडीत काढली गेली नाही? जहाजांवर काम केलेले आणि बफेलोत राहणारे असे दोन्ही प्रकारचे जाणकार येथे आहेत, म्हणून हा प्रश्न मांडत आहे. केवळ इंजिनाची माहिती नको आहे; त्या बोटीचा कामाचा दिवस कसा असेल, हे समजून घ्यायचे आहे.

---

दर्यावर्दी

पूर्वरंग, प्रश्न चांगला आहे. मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो आणि माझी उमेदवारी वाफेच्या जहाजांवर झाली, तेव्हा बॉयलरच्या बाजूने लिहितो. बफेलोच्या इतिहासाबद्दल तेथील कोणी लिहिले तर अधिक बरे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की बॉयलर थंड पडूच द्यायचा नाही. थंडगार बॉयलरमधून कामाची वाफ काढायला कित्येक तास लागतात, आणि घाई केली तर तो साथ देत नाही. पत्रा एका बाजूने तापून फुगतो, दुसरी बाजू अजून गारच असते, आणि मग नळ्यांची तोंडे व रिव्हेटचे सांधे गळू लागतात. म्हणून बंदरात उभ्या असलेल्या अग्निशमन बोटीच्या भट्टीत रात्रंदिवस, सणावाराला, आग लागो वा न लागो, निखारा जिवंत ठेवावा लागे.

हे काम कसे होत असे ते थोडे सविस्तर सांगतो. पेटलेला कोळसा जाळीच्या मागच्या भागात ओढून त्याचा ढीग करायचा, त्यावर ओलसर बारीक कोळशाचा थर चढवायचा, आणि राखेच्या कप्प्याकडून येणारी हवा जवळजवळ बंद करायची. अशी दाबून ठेवलेली आग तासन्‌तास मंद धुमसत राहते, पाणी गरम ठेवते आणि वाफेचा थोडा दाब टिकवून धरते. मात्र तिच्याकडे पाठ फिरवून चालत नाही. बॉयलरच्या तोंडाशी पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. पहाऱ्यावरच्या माणसाची नजर दर थोड्या वेळाने त्या नळीवर जायलाच हवी. पाणी खाली गेले आणि भट्टीचा माथा उघडा पडला, तर तो पत्रा लाल होऊन बसतो आणि मग बोटच काय, धक्काही शाबूत राहत नाही. त्याशिवाय राख काढणे, जाळीत अडकलेले खंगर (जळून गोठलेल्या राखेचे गठ्ठे) सळईने सोडवून बाहेर ओढणे, नळ्यांमधील काजळी साफ करणे, पंप फिरवून पाहणे, वाफेच्या गळतीवर पॅकिंग बदलणे, अशी कामे संपतच नाहीत. तेव्हा रिकाम्या दिवशी माणसे काय करत असत, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की वाफेच्या बोटीवर रिकामा दिवस नसतोच.

वर्दी आली की दोर सुटण्याच्या आत आगवाला भट्टीचे दार उघडून तो ढीग जाळीभर पसरी, हवेचा मार्ग पूर्ण मोकळा करी आणि खोऱ्याने पातळ थरात कोळसा पेरू लागे. पातळ थर हा महत्त्वाचा. एकदम चार खोरी ओतली तर आग गुदमरते, काळा धूर निघतो आणि दाब चढण्याऐवजी उतरतो. दारही पटकन मिटावे लागते, नाहीतर गार हवा आत घुसते. आमच्या कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटींवर आगवाले म्हणून गेली, आणि चांगला आगवाला ज्वाळेच्या रंगावरून भट्टीत कुठे भूक आहे हे सांगत असे. बफेलोच्या बोटीवरची माणसे वेगळ्या देशातली होती, पण कामाची जात तीच.

आता वाफेचा एक मोठा फायदाही सांगायला हवा, कारण बहुतेक लिखाणात तिच्या उणिवाच वाचायला मिळतात. अग्निशमन बोटीला दोन कामे असतात, आगीपर्यंत धावणे आणि तेथे उभे राहून पाणी फेकणे, आणि ही दोन्ही कामे सहसा एका वेळी पूर्ण जोराने करावी लागत नाहीत. एकाच बॉयलरची वाफ जाताना पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) इंजिनाला आणि पोहोचल्यावर पंपांना देता येते. फक्त झडपा फिरवायच्या. त्या काळी रस्त्यावर घोडे जोडलेले वाफेचे पंप धावत. त्यांतील मोठा पंपसुद्धा मिनिटाला हजार गॅलनच्या आसपास पाणी देई. बोटीवर बॉयलरचे वजन ही अडचण नसते आणि पाणी तर तिच्या बुडाखालीच असते. त्यामुळे सिअ‍ॅटल शहराने १९०९ साली घेतलेली 'डुवामिश' ही वाफेची बोट तीन पंपांच्या बळावर मिनिटाला ९,००० गॅलन पाणी फेकत असे. म्हणजे एका बोटीने किमान नऊ-दहा घोडागाड्यांचे काम करावे, आणि तेही हायड्रंटची वाट न पाहता.

पाणी फेकताना बोट मागे रेटली जाते, हेही ध्यानात घ्यावे. कॉटर बोटीची आजची क्षमता मिनिटाला १५,००० गॅलन, म्हणजे सुमारे ५७,००० लिटर आहे. सेकंदाला जवळजवळ एक टन पाणी वेगाने पुढे जात असेल तर तेवढाच रेटा उलट दिशेने बोटीला बसणार. तो रेटा पेलत अरुंद नदीत, धक्क्यापासून ठरावीक अंतरावर, बोट जागच्या जागी धरून ठेवणे हे सुकाणूवरच्या माणसाचे आणि इंजिनरूमचे संयुक्त कौशल्य आहे. या बोटीला दोन पंखे आहेत, एक पुढे आणि एक मागे चालवला की ती स्वतःभोवती वळू शकते, आणि बफेलोसारख्या वळणावळणाच्या नदीत याला फार किंमत आहे.

---

एरीकाठ

मी बरीच वर्षे बफेलोत राहतो आणि ही बोट जेथे बांधलेली असते त्या नदीकाठावरून माझे नेहमी जाणे-येणे असते. दर्यावर्दी साहेबांनी इंजिनरूमचा भाग फार उत्तम मांडला आहे. मी शहराबद्दल लिहितो.

पूर्वरंग, आपण विचारले आहे की समुद्रापासून इतक्या आत अशा बोटीची गरज काय. त्याचे उत्तर धान्य हे आहे. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाला आणि बफेलो त्याचे पश्चिम टोक ठरले. अमेरिकेच्या मध्य भागातील गहू-मका मोठ्या जहाजांतून पंचसरोवरांमार्गे (ग्रेट लेक्स) येथवर यायचा, येथे उतरवून कालव्याच्या लहान नावांत भरायचा आणि पूर्वेकडे न्यूयॉर्कला जायचा. सुरुवातीला हे सगळे माणसांच्या पाठीवर चाले. १८४२ साली जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबर या अभियंत्याच्या मदतीने वाफेवर चालणारे पहिले धान्य-एलिव्हेटर येथेच उभारले: पट्ट्यावर बसवलेल्या बादल्यांची माळ जहाजाच्या पोटात सोडायची आणि धान्य उंच कोठारात उपसून घ्यायचे. पुढे नदीच्या दोन्ही काठांवर अशी कोठारे एकापुढे एक उभी राहिली, आणि त्यांतील सुरुवातीची बहुतेक लाकडाची होती.

धान्याचे कोठार म्हणजे आगीच्या दृष्टीने किती धोक्याची जागा असते, याची कल्पना पुष्कळांना नसते. धान्य हलवताना जी बारीक धूळ उडते ती बंद जागेत हवेत तरंगत असताना तिला एक ठिणगी पुरते. ती नुसती पेटत नाही, तिचा स्फोट होतो. आत साठलेले धान्य मग दिवसेंदिवस धुमसत राहते. शिवाय या इमारती पाण्याला अगदी लागून बांधलेल्या. रस्त्याच्या बाजूने आलेल्या पंपांना त्यांची एकच बाजू गाठता येई. नदीची बाजू, जेथे जहाजे लागत आणि जेथून आग शेजारच्या जहाजावर उडी घेई, ती मोकळीच राही. म्हणून बफेलोने १८८७ साली 'जॉर्ज आर. पॉटर' ही पहिली अग्निशमन बोट घेतली, १८९३ साली 'जॉन एम. हचिन्सन' आणि १९०० साली 'ग्रॅटन'. ग्रॅटन हे शहराचे अग्निशमन आयुक्त होते. ही बोट न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथील क्रेसेंट गोदीत बांधली गेली. ज्या गोदीने तीनच वर्षांपूर्वी अमेरिकी आरमाराची पहिली पाणबुडी 'हॉलंड' पाण्यात सोडली होती, तीच ही गोदी. म्हणजे शहराने काम ऐऱ्यागैऱ्याकडे सोपवले नव्हते. बोटीची लांबी ११८ फूट आणि रुंदी २४ फूट आहे.

बोटीचे काम नदीपुरते नसे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पंचसरोवरांच्या काठच्या काही शहरांनी, त्यांत बफेलोही आले, नदीकाठापासून शहराच्या आतल्या भागात लोखंडी नळ टाकून ठेवले होते. एरवी हे नळ कोरडे असत. मोठी आग लागली की बोटीने काठाला येऊन आपले होज त्या नळाच्या तोंडाला जोडायचे आणि नदीचे पाणी दाबाने आत ढकलायचे. पलीकडच्या टोकाला जमिनीवरचे जवान त्याच पाण्याने आग विझवत. अशा वेळी बोट हेच एक फिरते पंपघर होऊन जाई. शहराच्या नळांतील दाबावर भरवसा नसलेल्या काळात या सोयीचे मोल किती होते, हे सांगायला नको.

आता तिच्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवसाबद्दल लिहितो. २८ जुलै १९२८ रोजी बफेलो नदीत 'जेम्स एफ. कॅहिल' या तेलवाहू बार्जवर स्फोट होऊन आग लागली. ग्रॅटन तिकडे धावली. पाण्यावर पसरलेल्या जळत्या तेलाने तिलाच घेरले आणि आग विझवायला गेलेली बोट स्वतः पेटली. बोटीवरच्या लोकांना जीव वाचवण्यासाठी पाण्यात उड्या घ्याव्या लागल्या, अनेक जण जखमी झाले, आणि बोटीचे मुख्य इंजिनिअर थॉमस लिंच मृत्युमुखी पडले. बोट जळून निकामी झाली. धान्याच्या आगीसाठी घडवलेल्या बोटीसमोर तेलाची आग आली होती, आणि तेलावर नुसत्या पाण्याचा मारा करून भागत नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर वाहत पुढे जाते.

माझ्या मते या बोटीच्या इतिहासातील सर्वांत मोठा निर्णय यानंतर झाला. जळालेला सांगाडा भंगारात काढून नवी बोट घेणे कोणालाही वावगे वाटले नसते. शहराने तसे केले नाही. १९३० साली तिची पुनर्बांधणी झाली, कोळशाच्या भट्ट्या जाऊन तेलावर चालणारे बर्नर आले, आणि तेलाच्या आगीवर फेस फेकण्याची सोयही तिच्यावर करण्यात आली. ज्या प्रकारच्या आगीने तिचा घात केला, त्याच आगीशी लढायची तयारी करून ती परत नदीत उतरली. १९०० सालचा लोखंडी सांगाडा मात्र तोच राहिला, आणि तोच आजही आहे.

---

दर्यावर्दी

एरीकाठ, थॉमस लिंच यांच्याबद्दल वाचून थांबलो. आगीजवळ गेलेल्या बोटीवर वरच्या माणसाला निदान समोर काय जळते आहे ते दिसते. खाली इंजिनरूममध्ये काहीही दिसत नाही. वरून हुकूम येतो, पुढे, मागे, पंपाचा दाब वाढवा, आणि खालचा माणूस त्या हुकुमावर विश्वास ठेवून काम करत राहतो. बाहेरचा ताप पत्र्यातून हाताला जाणवतो, बॉयलरचा आतून असतोच. वाफेच्या बोटीवर तर मुख्य इंजिनिअरला जागा सोडून वर येऊन पाहण्याचीही सोय नसते, कारण तो वर आला तर पंपांची वाफ कोण सांभाळणार? म्हणून अशा बोटींच्या गोष्टीत वर पाण्याच्या तोफेशी उभ्या असलेल्या माणसांइतकाच मान खालच्यांना दिला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मुंबईकर वाचकांना १४ एप्रिल १९४४ हा दिवस सांगायला नको. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला लागलेली आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर त्या तारखेपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. बंदरातील आगीत मालाच्या पोटात काय आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि जवळ जाणाऱ्याला जवळ जावेच लागते.

तेलाच्या बर्नरबद्दल एक तांत्रिक पुस्ती जोडतो. १९३० च्या त्या बदलाने बोट वाफेचीच राहिली, पण तिचा दिवस पार बदलला असणार. तेलाची ज्योत झडप फिरवून लहान-मोठी करता येते. राख नाही, खंगर नाही, खोरे नाही. वर्दी आल्यावर दाब चढवायला लागणारा वेळ बराच कमी होतो. भट्टीसमोर राबणारे हातही कमी लागतात. वाफेच्या काळाचे म्हणूनच दोन भाग पाडले पाहिजेत: १९२८ पर्यंतचा कोळशाचा आणि १९३० नंतरचा तेलाचा.

आणखी एक गोष्ट म्हणजे पाणी. ईरी सरोवर गोड्या पाण्याचे आहे. समुद्रावरच्या बोटीला बॉयलरसाठी गोडे पाणी बरोबर न्यावे लागते, कारण खारे पाणी आत गेले तर क्षाराचा थर बसून नळ्या जळतात. आणि बाहेरून तेच खारे पाणी सांगाडा खात असते. बफेलोच्या बोटीला या दोन्ही शत्रूंपासून सुटका मिळाली. पंचसरोवरांतली जहाजे समुद्रावरच्या जहाजांपेक्षा कितीतरी अधिक टिकतात. या बोटीच्या दीर्घायुष्याचे श्रेय माणसांच्या निगराणीला आहेच, पण थोडे त्या सरोवरालाही द्यावे.

---

लोहमार्ग

चर्चा अतिशय आवडली. मला जुन्या यंत्रांच्या जतनात रस आहे, म्हणून एक शंका विचारतो. १९५३ साली कॉटरवरची वाफेची यंत्रे काढून डिझेल इंजिने बसवली गेली असतील, तर १९९६ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा नेमका कशासाठी मिळाला? बॉयलर नाही, वाफेचा पंप नाही, नावसुद्धा मूळचे नाही. सिअ‍ॅटलच्या डुवामिशचेही तेच झाले. १९४९ साली तिच्यात डिझेल-विद्युत यंत्रणा आली आणि तिची क्षमता मिनिटाला २२,८०० गॅलनपर्यंत गेली. १९८० च्या दशकात ती निवृत्त झाली, १९८९ साली तिलाही हाच दर्जा मिळाला, आणि आता ती लेक युनियनच्या काठी जुन्या बोटींच्या धक्क्यावर पाहायला मिळते. वाफेची म्हणून आपण ज्यांची आठवण काढतो त्या बोटींमध्ये वाफेचा भागच उरलेला नसेल, तर जतन कशाचे झाले?

(डुवामिशबद्दल एक माहिती: तिच्या पुढच्या टोकाला धडक देण्याजोगी नाळ होती. जळते लाकडी जहाज दुसऱ्या कोणत्याही उपायाने आवरले नाही, तर त्याला धडकून बुडवता यावे हा तिचा हेतू. नाळ तशी, पण बूड सपाट, म्हणजे उथळ पाण्यातही शिरता यावे. एकाच सांगाड्यात अशा दोन गरजा बसवणारा आराखडा युजीन मॅकॅलॅस्टर यांनी केला होता.)

---

एरीकाठ

लोहमार्ग, आपली शंका रास्त आहे, आणि यावर माझे मत ठाम आहे.

वाफ टिकवून ठेवलेल्या बोटींचे काय झाले ते आधी पाहू. न्यूयॉर्क शहराची 'एब्रम एस. ह्युइट' ही १९०३ सालची बोट शेवटपर्यंत कोळशावरच चालली. १९०४ साली ईस्ट नदीत 'जनरल स्लोकम' या उतारू जहाजाला आग लागून हजाराहून अधिक माणसे गेली, तेव्हाही ती तेथे होती. १९५८ साली तिला सेवेतून काढले, आणि पुढे स्टॅटन बेटाच्या काठी मोडीत निघालेल्या जहाजांच्या गर्दीत ती गंजत पडली. तिच्यात मूळ यंत्रे राहिली, पण बोट राहिली नाही. कॉटरमध्ये बोट राहिली. विस्कॉन्सिनमधील स्टर्जन बे येथील गोदीत १९५३ साली तिच्यात डिझेल इंजिने बसली नसती, तर आज आपण तिच्याविषयी बोलत नसतो. कामाची बोट टिकते ती कामामुळे. तिला काम हवे असेल तर तिची यंत्रे बदलावीच लागतात. तिच्या यंत्रांचे तीन टप्पे झाले, कोळसा, तेल आणि डिझेल, आणि हे तिन्ही टप्पे एकाच सांगाड्याने पाहिले, यातच तिचे ऐतिहासिक मोल आहे असे मी मानतो.

नावाबद्दलही लिहिले पाहिजे. १९५३ साली ती परत आली तेव्हा तिला 'फायरफायटर' हे नाव दिले गेले, आणि पुढच्या वर्षी ते बदलून 'एडवर्ड एम. कॉटर' केले गेले. कॉटर हे आयुक्त नव्हते. ते शहराच्या दलातील अग्निशामक आणि त्यांच्या कामगार संघटनेचे पुढारी होते. जी बोट एका अधिकाऱ्याच्या नावाने सुरू झाली, तिला पुढे होज धरणाऱ्यांमधल्या एकाचे नाव मिळाले, याचा मला आनंद वाटतो. थॉमस लिंच यांच्या बोटीला ते शोभते.

वाफ गेली म्हणून तिचे काम सरले असेही नाही. ५ ऑक्टोबर १९६० रोजी कॅनडातील पोर्ट कोलबोर्न येथे, वेलंड कालव्याच्या मुखाशी, मेपल लीफ कंपनीच्या धान्य-एलिव्हेटरला आग लागली. कॉटर बफेलोहून निघाली, ईरी सरोवर ओलांडून तेथे पोहोचली आणि आग विझवायला मदत केली. आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून आगीला गेलेली पहिली अमेरिकी अग्निशमन बोट अशी तिची नोंद होते. तिच्या जन्माचे कारण जे धान्य, त्याचीच ही आग होती.

---

पूर्वरंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोळशाची आग दाबून ठेवण्याचे वर्णन आणि नदीकाठच्या कोरड्या नळांची माहिती मला कुठेच मिळाली नव्हती. एकच प्रश्न उरतो. आज बफेलोतील धान्य-व्यापार पूर्वीसारखा नाही, आणि पुष्कळशी एलिव्हेटरे ओस पडली आहेत असे ऐकतो. मग बोटीला वर्षभर काम काय असते? आणि हिवाळ्यात तिला प्रत्यक्ष पाहता येते का?

---

एरीकाठ

हिवाळ्यातच पाहावी.

ईरी हे पंचसरोवरांतील सर्वांत उथळ सरोवर असल्याने ते लवकर गोठते, आणि बफेलो नदीही गोठते. नदीत बर्फाचे थर साचत गेले आणि मध्येच उबदार पाऊस किंवा वितळण सुरू झाली की वरून, विशेषतः काझनोव्हिया ओढ्याकडून, येणारे पाणी आणि बर्फाचे तुकडे पुढे अडतात. बांध घातल्यासारखे पाणी तुंबते आणि दक्षिण बफेलोतील वस्तीत शिरते. ते होऊ नये म्हणून कॉटर नदीतला बर्फ फोडत फिरते. आगीइतकेच हेही तिचे काम आहे, आणि अलीकडच्या काळात तर तिचे पाण्यावरचे बरेचसे तास याच कामात जातात. शहराला ती परवडते त्यामागे हे एक मोठे कारण आहे. वर्षातून क्वचित लागणाऱ्या आगीसाठी बोट ठेवायची का, असा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी उठू शकतो, पण पूर कोणालाच नको असतो.

बर्फ फोडण्याची रीत अशी: बोट थोडी मागे येते, जोर घेऊन पुढे जाते, नाळ बर्फावर चढते आणि तिच्या वजनाने तो खाली मोडतो. मोडलेले तुकडे दोन्ही बाजूंनी घासत मागे जातात आणि पंख्यांच्या पाण्यात भोवरत राहतात. मग पुन्हा मागे, पुन्हा पुढे. पातळ बर्फात ती न थांबता सरळ चालत जाते. जाड बर्फात मात्र एकेका बोटलांबीसाठी तिला झगडावे लागते.

धान्याबद्दल म्हणाल तर ते सगळेच गेलेले नाही. नदीकाठी जनरल मिल्सचा कारखाना अजून चालू आहे, आणि वारा योग्य दिशेने असेल तर भाजलेल्या ओटचा वास गावभर पसरतो. धान्याची जहाजेही येतात. त्यामुळे अग्निशमन दलाच्या यादीत ही बोट आजही 'इंजिन २०' या क्रमांकाने आहे, म्हणजे दलाच्या हिशेबी ती रस्त्यावरच्या गाड्यांसारखीच एक तुकडी आहे.

तिचा धक्का ओहायो रस्त्यालगत, मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाजवळ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत आलात तर पुलावर किंवा नदीकाठच्या उद्यानात उभे राहावे. ती रोज निघेल असे नाही. कडाक्याच्या थंडीनंतर हवामान खात्याने वितळणीचा इशारा दिला असेल, त्याच्या आधीचे दिवस सर्वांत चांगले. कपडे भरपूर घाला, सरोवरावरून येणारा वारा फार बोचरा असतो. उन्हाळ्यात येणार असाल तर बंदरातील समारंभांना ती पाण्याचे फवारे उडवते तेव्हा पाहता येईल, आणि पाचही तोफा चालू असतील तर दर्यावर्दी साहेबांनी सांगितलेला तो उलटा रेटा सांभाळताना सुकाणूवरचा माणूस काय करतो, हे काठावरूनही स्पष्ट कळते.